वार्धक्यातील मूत्रपिंडाचे आरोग्य आणि बौद्धिक क्षमता

वृद्धापकाळी बुद्धी मंदावणारच, अशी समाजाची दृढ समजूत आहे. त्यामुळे घरातील ज्येष्ठांच्या विचारशक्तीत पडलेला फरक डॉक्टरांपर्यंत बहुधा पोहोचतच नाही. त्याचे एक कारण मूत्रपिंडात असू शकते, ही बाब तर सुशिक्षित वर्गातही फारशी परिचित नाही.

मेंदू आणि मूत्रपिंड हे परस्परांपासून दूर असलेले अवयव रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने मात्र सोयरे आहेत. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे २० टक्के मूत्रपिंडांकडे व सुमारे १५ टक्के मेंदूकडे जाते. दोन्ही ठिकाणी अखंड प्रवाह आवश्यक असल्याने तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढत्या रक्तदाबाचा आघात थेट सोसतात. अनियंत्रित रक्तदाब व मधुमेह त्यांना हळूहळू निकामी करतात. त्यात रक्तात साचणारी अपायकारक द्रव्ये आणि मूत्रपिंडविकारातून उद्भवणारा रक्तक्षय यांची भर पडते.

या ऱ्हासाचे स्वरूप विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. अल्झायमर रोगात आरंभी सहसा नव्या घटनांची स्मृती ढळते. मूत्रपिंडविकारात बहुधा विचारांचा वेग, अवधान व नियोजनशक्ती प्रथम क्षीण होते. कोल्हापुरातील एखादे आजोबा खासबाग मैदानातील चाळीस वर्षांपूर्वीची कुस्ती डावपेचांसह वर्णन करतील; पण सकाळच्या व रात्रीच्या गोळ्यांची गल्लत करतील. घरचे समाधानाने म्हणतात, "आबांची आठवण अजून शाबूत आहे." नेमका येथेच घात होतो. खर्डा-लोणच्यातील मीठ टाळणे, अनेक औषधे वेळेवर घेणे, प्रगत अवस्थेत पाणीही मोजून पिणे, हे सारे पथ्य ज्या क्षमतेवर अवलंबून असते, तीच आधी दुबळी झालेली असते.

निदानातही फसगत संभवते. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होते. कृश वृद्धेचे स्नायूच अल्प असल्याने मूत्रपिंड दुर्बल असूनही आकडा सामान्य दिसू शकतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी तर सोपी, तरीही उपेक्षित आहे. बौद्धिक चाचण्यांची अडचण निराळी. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना आकडेमोड वा लेखन सांगून काय निष्पन्न होणार? त्यापेक्षा बाजारहिशेब, एसटीचा प्रवास, सणाची तयारी यांत पूर्वीच्या तुलनेत काय बदलले, हे घरच्यांना विचारणे अधिक उद्बोधक ठरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असून, ते स्त्रियांत, ग्रामीण भागात व अशिक्षितांत अधिक आहे.

अकस्मात उद्भवलेला भ्रम मात्र स्मृतिभ्रंश समजू नये. गॅबापेन्टिन, बॅक्लोफेन यांसारखी औषधे दुर्बल मूत्रपिंडामुळे शरीरात साचतात. वेळीच मात्रा कमी केल्यास वा औषध थांबवल्यास रुग्ण पुष्कळदा सावरतो. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूळ विकारच वाढवितात.

रक्तदाबनियंत्रणाने बुद्धीचे रक्षण होते काय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी 'स्प्रिंट-माइंड' अभ्यासात, वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाली नाही. त्या अभ्यासात मधुमेहींचा समावेश नव्हता, आणि आपल्याकडील मूत्रपिंडरुग्णांत मधुमेही तर पुष्कळ. तेव्हा हे उद्दिष्ट प्रत्येकास सरसकट लागू करता येत नाही. आहार व औषधांच्या सूचना देताना घरातील आणखी एका व्यक्तीस समोर बसविणे आणि त्या ठळक मराठीत लिहून देणे, एवढे मात्र सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून खेड्यातील दवाखान्यापर्यंत कोठेही शक्य आहे.