हौशी बिनतारी परवाना : अभ्यास कसा करावा?

दिवसा मिडियम वेव्हवर जवळचेच केंद्र लागते; पण रात्री काटा जरा फिरवला की दूरदूरची केंद्रे ऐकू येतात. असे का होते? हे ज्याला समजले, त्याने हौशी बिनतारी परवान्याच्या परीक्षेचा एक धडा केलाच म्हणायचा.

आकाशात बऱ्याच उंचीवर आयनांबराचे थर आहेत. त्यांतला खालचा थर दिवसा उन्हाने जागा असतो व मिडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो. मग लहरी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि परतून शेकडो मैल दूर उतरतात.

आपल्या देशात हा परवाना केंद्र सरकारचे दळणवळण खाते देते. पहिली पायरी मर्यादित श्रेणीची. तिला वयाची बारा वर्षे पुरी झालेली मुलेही बसू शकतात, आणि मोर्सच्या कट्ट-कडचीही अट नाही. परीक्षेचे दोन भाग : एक बिनतारी विद्येचा, दुसरा नियमांचा. अर्ज करण्यापूर्वी खात्याकडून चालू अभ्यासक्रम मात्र अवश्य मागवा.

पहिल्या भागातली सूत्रे नुसती घोकू नका. ती कामाला लावा. समजा, पुराने गावची वीज गेली. जवळ 12 व्होल्टची, 20 अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि संच सरासरी 2 अँपिअर घेतो. म्हणजे 24 वॅट खर्च, आणि हिशेबाने 10 तास काम. आता एरियल. 300 ला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. 7 मेगाहर्ट्झला ती सुमारे 43 मीटर. अर्ध्या लांबीची तार, तीही पाच टक्के आखूड, म्हणजे अदमासे 20 मीटर. मध्यावर दोन भाग करून ती दोन झाडांमध्ये ताणता येते.

दुसरा भाग पुष्कळांना रुक्ष वाटतो, पण खरी कसोटी तिथेच आहे. या संचावरून धंद्याचे निरोप द्यायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषा वापरायची नाही. आणि 'मेडे, मेडे, मेडे' अशी संकटाची हाक कानी आली, की आपले बोलणे तिथल्या तिथे थांबवायचे. एकाच वाटेवर सगळेच बोलू लागले, तर बुडणाऱ्याची हाक कुणाला ऐकू जाणार?

हे नियम कागदावरचे नव्हेत. 26 डिसेंबर 2004 रोजी अंदमानला त्सुनामीचा तडाखा बसला, तेव्हा काही हौशी बिनतारीवाले आपला संच घेऊन योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. नेहमीचे दळणवळण कोलमडले असता त्यांनी लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले.

शिक्षकबंधु-भगिनींनो, शाळेत चार-पाच मुलांचा गट करा. रोज अर्धा तास पुरे. एक दिवस गणित, एक दिवस नियम. मुलांना आपापली नावे बिनतारीच्या रीतीने सांगू द्या : राम म्हणजे रोमिओ, अल्फा, माइक. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे निरोप पोचला, हे खेळता खेळता पाठ होते. परवाना हाती येईपर्यंत मात्र कुणीही प्रक्षेपण करू नये. तो गुन्हा आहे.

तोवर ऐका. लक्ष देऊन ऐकणे आणि वेळेला गप्प बसणे, ही या विद्येची बाराखडी आहे.