साखळी आमच्या हातात, शास्त्र कोणाच्या हातात?

शुक्रवार पेठेतील आमच्या अभ्यासवर्गात परवा एक निमंत्रणपत्रिका आली. वस्तीतील एक मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, तिने ती आणली होती. विद्यापीठीय जाहीर व्याख्यान. विषय 'पॉलिमर विज्ञान आणि प्रगत पदार्थांचे संशोधन'. आणि खाली ठळक ओळ, 'प्रवेश सर्वांना खुला'. पत्रिका हातोहात फिरली. भंगारातले प्लॅस्टिक निवडून पोट भरणाऱ्या एका मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी ती पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "सर्वांना म्हंजे आमालाबी हाय का?"

कोणी हसले नाही. कारण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्हाला वाटते, चळवळीने या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट दिले पाहिजे.

आधी विषय समजून घेऊ. पॉलिमर हा शब्द ग्रीक भाषेतून आला. 'पॉली' म्हणजे अनेक, 'मेर' म्हणजे भाग. मराठीत त्याला बहुवारिक म्हणतात. एकाच जातीचे छोटे रेणू हजारोंच्या संख्येने कडीला कडी जोडून उभे राहिले की जी लांबलचक साखळी तयार होते, ती म्हणजे पॉलिमर. १९२० साली हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे लांब साखळीचे रेणू असतात, असे मांडले, तेव्हा मोठमोठ्या पंडितांनी त्याची टर उडवली. तो मागे हटला नाही. १९५३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. प्रस्थापितांनी नाकारले म्हणून सत्य खोटे ठरत नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता ही साखळी कुठे असते ते पाहा. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. जनावराचे कातडे म्हणजे कोलाजेन. प्रथिनांच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे पॉलिथिलीन. इथिलीन वायूचे हजारो रेणू एका ओळीत. धागा, कातडे आणि प्लॅस्टिकचा कचरा! वाचकहो, या तीन वस्तूंना पिढ्यान्‌पिढ्या कोणाचे हात लागले? ज्या शास्त्राच्या व्याख्यानाला जाताना आमच्या मावशींचा पाय अडखळतो, त्या शास्त्राचा कच्चा माल तर आमच्याच माणसांनी वाहिला, सोलला, कमावला आणि निवडला आहे.

धाग्यापासून सुरुवात करू. सोलापूर हे गिरणगाव. १८७७ साली येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी गिरणी' उभी राहिली. आज गिरण्यांचे भोंगे थांबले असले तरी सोलापुरी चादर आणि टॉवेल यांनी या शहराचे नाव टिकवले आहे. पण सुताच्या धंद्यात जात कशी शिरली होती, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिले. तेथे जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धागा जोडताना त्याला तोंड लावावे लागते आणि अस्पृश्याच्या थुंकीने इतरांना विटाळ होतो! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. धाग्याला जात नव्हती, सेल्युलोजला विटाळ होत नव्हता. विटाळ होता तो माणसांच्या डोक्यात आणि त्याची किंमत आमचा कामगार पगारातून मोजत होता.

आता कातड्याकडे वळू. कच्चे कातडे तसेच ठेवले तर सडते. गावचा ढोर समाज ते चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढी आणि मग बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवत ठेवी. यात होते काय? सालीतले टॅनिन कोलाजेनच्या साखळ्यांमध्ये शिरते आणि त्यांना एकमेकींशी बांधते. मग सडवणाऱ्या जिवाणूंना त्या साखळ्या सहजी तोडता येत नाहीत. कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आकसून जाते. झाडपाल्याने कमावलेले चामडे ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. पॉलिमरच्या साखळ्या बांधून पदार्थ टिकाऊ करणे याला आज विद्यापीठात 'क्रॉसलिंकिंग' म्हणतात. आमच्या माणसाला तो शब्द ठाऊक नव्हता. पण कुंडात किती दिवस ठेवायचे, साल कधी बदलायची, बोटाने दाबून कधी ओळखायचे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्या ज्ञानाचे बक्षीस म्हणून त्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. आणि दुसरीकडे काय घडले? मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये याच कोलाजेनची तिहेरी वळणाची रचना उलगडून दाखवली आणि ती 'नेचर' या जगप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. या कामासाठी त्यांना मदत झाली ती मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची. रामचंद्रन यांच्या बुद्धिमत्तेला आमचा सलाम आहे. आमचा मुद्दा वेगळाच आहे. तेच कोलाजेन प्रयोगशाळेत गेले की विज्ञान होते आणि गावात राहिले की विटाळ होतो, ही करामत रसायनशास्त्राची नाही, जातिव्यवस्थेची आहे.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या मुलांनी पुन्हा मेलेली ढोरे ओढावीत किंवा बापाचा धंदा पुढे चालवावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, लाचारीची कामे सोडा, असे बजावले, ते शिरसावंद्य आहे. ज्ञान आहे पण स्वातंत्र्य नाही, अशा कौशल्याचे गोडवे गाणे ही गुलामीची आरती होईल. आम्ही मागतो आहोत ते बापाचे कुंड नव्हे. त्या कुंडात काय घडत होते हे सांगणारे शास्त्र.

ज्ञान कोणाचे, हा वाद जगात नवा नाही. हळदीने जखम भरते, या आमच्या आज्यांच्या माहितीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, स्वतः पॉलिमर अभियांत्रिकीचे जाणकार आणि १९८९ ते १९९५ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. हळदीसाठी देश उभा राहिला, चांगलेच झाले. मग चामड्याचे काय? झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे आहेत आणि आपला सोलापूर त्यांपैकी एक आहे. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच धाटणीच्या चपला मिरवल्या, तेव्हा सुरुवातीला त्यांत कोल्हापूरचे नाव नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने चपलेचे मूळ भारतात असल्याचे मान्य केले. ज्याच्या हातात कागद, शब्द आणि प्रयोगशाळा, त्याचे नाव राहते. ज्याच्या हातात फक्त आरी आणि रापी, त्याचे नाव पुसले जाते.

तिसरी वस्तू प्लॅस्टिक. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, पण कचऱ्याचा डोंगर काही संपला नाही. तो उपसणाऱ्यांत आमच्याच आयाबहिणी मोठ्या संख्येने आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रियाच एकत्र आल्या. या बायका प्लॅस्टिक हाताने दाबून, कानाशी वाजवून, कधी जाळून वासावरून ओळखतात. मावशींनी आम्हाला तीन तुकडे हातात धरून वेगळे करून दाखवले. मग त्या एम.एस्सी.च्या मुलीने पाण्याची बादली मागवली. दुधाच्या पिशवीचा तुकडा तरंगला, बाटलीचे झाकण तरंगले, पण बाटलीचा तुकडा तळाशी गेला. मुलीने सांगितले, "मावशी, पिशवी पॉलिथिलीनची, ती पाण्यापेक्षा हलकी. बाटली पीईटीची, ती पाण्यापेक्षा जड. पाइप आणि वायरवरचे वेष्टण बहुतेक पीव्हीसीचे, तेही बुडते. ते मात्र कधी जाळून बघू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, छातीला लागतो." मावशी म्हणाल्या, "तरीच खोकला यायचा. हे आधी कुनी सांगितलं न्हाई."

वाचकहो, जाहीर व्याख्यान म्हणजे काय, याचे उत्तर आम्हाला त्या बादलीत मिळाले. जे शास्त्र मावशींच्या छातीपर्यंत पोहोचलेले आहे, ते त्यांच्या कानापर्यंतही पोहोचले पाहिजे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही. त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशातील शिक्षणाकरिता दरसाल २ लाख आणि परदेशी शिक्षणाकरिता १ लाख रुपयांची मागणी त्यांनी केली. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आमची मुले महाविद्यालयात दिसतात, त्यामागे हा लढा आहे. आमच्या सोलापूरला तर याहून जुना वारसा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते याच शहरात. सभेने मुलांच्या राहण्याचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा खर्च उचलला. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान दिले. त्या घटनेला २०२५ साली शंभर वर्षे झाली. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न होता मुलाला शाळेत बसवण्याचा. आजचा प्रश्न त्याला प्रयोगशाळेत उभे करण्याचा आहे.

साधने दूर नाहीत. २००४ साली सोलापूरला एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. पॉलिमर रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण तेथे मिळते. शुक्रवार पेठेतून निघालेल्या मुलीला त्यासाठी गाव सोडावे लागत नाही. मग अडते कुठे? अडते ते दहावीनंतर, 'सायन्स आपल्याला झेपायचं नाही' या वाक्यापाशी. हे वाक्य आधी व्यवस्थेने आमच्या कानात सांगितले, आता आमच्याच घरात आम्ही ते मुलांना ऐकवतो. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत की मुलगी शिकवणी सोडते, पुढे विषय सोडते आणि आम्ही म्हणतो, तिला गोडी नव्हती.

विद्यापीठांकडे आमची मागणी साधी आहे. वर्षातून काही जाहीर व्याख्याने मराठीत व्हावीत, वस्तीत व्हावीत आणि कष्टकरी कामावरून परतल्यावर संध्याकाळी व्हावीत. पडद्यावर आलेख दाखवा, पण सोबत पाण्याची बादली आणि कमावलेल्या चामड्याचा तुकडाही आणा. आणि व्याख्यात्याने बोलून झाल्यावर ऐकूनही घ्यावे. ढोर गल्लीतल्या म्हाताऱ्याकडे आणि भंगार निवडणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पण नुसते दुसऱ्याकडे बोट दाखवणे हा चळवळीचा धर्म नव्हे. आमच्या मंडळांनीही आरशात पाहावे. एप्रिलमध्ये डीजेच्या भिंतींवर जो पैसा उडतो, त्यातील एका रात्रीचा खर्च वाचला तर ११ ते १४ एप्रिलच्या दरम्यान प्रत्येक वस्तीत विज्ञानाचे एक व्याख्यान होऊ शकते, आणि विज्ञान शाखेतील एखाद्या मुलीचे वर्षभराचे पुस्तकांचे पैसेही निघू शकतात. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या हातांनी एकदा परीक्षानळीही धरून पाहावी.

त्या व्याख्यानाला आम्ही जाणार आहोत. एम.एस्सी.ची मुलगी येणार आहे, वस्तीतील दहा-बारा पोरे येणार आहेत. मावशींनी विचारले होते, "आमालाबी हाय का?" त्यांना आम्ही सांगितले, मावशी, आहे. मागे उभे राहायचे नाही, पुढच्या रांगेत बसायचे. आणि प्रश्न विचारायची वेळ आली की पहिला हात तुमचा. त्या म्हणाल्या, "मग मी त्यो खोकल्याचाच इचारते."

जयभीम!