पेट्रोलचे थेंब आणि इंजिनाचा धूर

द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ. म्हणून सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याआधी इंधनाचे बारीक थेंब होऊन त्यांची वाफ व्हावी लागते आणि ती हवेत नीट मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते.

थेंबाच्या आकाराला इथे फार महत्त्व आहे. थेंब विरायला लागणारा वेळ साधारणपणे त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की वेळ चौथ्या हिश्शावर येतो. कार्ब्युरेटरमध्ये वेगाने जाणारी हवाच पेट्रोल ओढून फोडते, पण थेंब लहानमोठे निघतात. इंजेक्टर दाबाने फवारणी करतो. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या आधुनिक इंजिनांत हा दाब २०० बारच्याही वर जातो.

खरी अडचण गाडी थंड असताना येते. इंजिनाच्या आतल्या भिंती गार असल्याने पेट्रोल त्यांवर ओल धरून बसते, वाफ कमी होते आणि इंजिन चालते ठेवण्यासाठी जादा इंधन द्यावे लागते. त्यातले बरेच न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडते. धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तेव्हा तापलेला नसतो, त्यामुळे सुरुवातीची एक-दोन मिनिटे सर्वांत घाणेरडी ठरतात. थेट फवारणीत पिस्टनच्या माथ्यावर साचलेला पातळ थर पिवळ्या ज्योतीने जळतो आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण सोडतो. फुप्फुसांत खोलवर जाणारे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून स्वच्छ दिसणारा धूर निर्धोक मानू नये. भारतात २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांत थेट फवारणीच्या इंजिनांसाठी कणांच्या संख्येवरही मर्यादा आहे.