नट खोलण्याचें बॅटरीचें यंत्र घ्यावें किंवा कसें?

ट्रॅक्टर, ट्रॉली व रोटाव्हेटर हीं आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं आलीं असून त्यांच्याकरितां उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्यें पाने, जॅक, ग्रीसपंप इत्यादि सामानही सांचूं लागलें आहे. त्यांत बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट रेंचची भर घालावी किंवा कसें, हा प्रश्न सध्यां अनेकांपुढें आहे.

हें यंत्र पान्याप्रमाणें सतत जोर लावीत नाहीं. आंतील मोटर एक जड हातोडा फिरविते; नट अडला कीं तो हातोडा स्प्रिंग दाबून मागें सरकतो व सुटून पुढील दांड्यावर आडवा ठोका देतो. असे शेंकडों ठोके मिनिटाच्या आंत बसून गंज तुटतो, आणि धरणाऱ्याच्या मनगटास मात्र पीळ फारसा बसत नाहीं. यंत्राचा खरा गुण तो हा.

जाहिरातींत मात्र न्यूटन-मीटरचे आंकडेच ठळक असतात. ६० किलो वजनाचा गडी पान्यास लाविलेल्या १ मीटर नळीच्या टोंकावर उभा राहिला, तर सुमारें ५९० न्यूटन-मीटर जोर पडतो. तेव्हां दोन-चार नटांपुरती जुनी नळी कांहीं कमी नाहीं. शिवाय नट सोडविण्याचा आंकडा आवळण्याच्या आंकड्याहून मोठा असतो, व छापतात तो बहुधा मोठाच. महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या आमच्यासारख्यास ही नजरअंदाज पैसेवारी वाटते. अंतिम पैसेवारी गंजलेल्या नटावरच ठरावयाची. व्होल्टचेंही तेंच. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पांच ओळीनें जोडले कीं १८ व्होल्ट होतात, व पूर्ण भरल्यावर सुमारें २१. हातांत मावणाऱ्या बॅटरीवर ४८ किंवा ८८ लिहिलेलें दिसल्यास आंत किती सेल आहेत, हें दुकानदारास अवश्य विचारावें.

आमच्या मतें निर्णय जोरावर न करितां नटांच्या संख्येवर करावा. ट्रॅक्टरचें चाक वर्षांतून एकदां उतरवावयाचें आणि फांट्यावर पंक्चरचें दुकान आहे, अशानें हा खर्च करूं नये. परंतु ४२ पात्यांचा रोटाव्हेटर घ्या. प्रत्येक पात्यास २ बोल्ट, म्हणजे ८४ नट. चिखलानें भरलेले, कोपरे झिजलेले. वापसा चार दिवसांचा, आणि त्यांतला एक दिवस पातीं बदलण्यांत गेला तर पेर चुकते. भाड्यानें रोटाव्हेटर चालविणाऱ्यास तर असे प्रसंग हंगामांत पुन्हा पुन्हा येतात. अशांनीं अर्धा इंची चौकाचें यंत्र खुशाल घ्यावें. बोल्टचें डोकें दुसऱ्या बाजूस पान्यानें धरावेंच लागतें, हें ध्यानांत असावें. व खालीं हात घालण्यापूर्वीं इंजिन बंद करून रोटाव्हेटर ठोकळ्यांवर टेकवावा, नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबूं नये.

आवळण्याच्या कामीं मात्र आमचा या यंत्रावर भरंवसा नाहीं. मोटारीच्या चाकाचे नट साधारणतः १०० ते १२० न्यूटन-मीटरवर बसवावयाचे असतात. यंत्र ती मर्यादा क्षणांत ओलांडतें. त्यानें बोल्ट ताणला जातो, आटे बिघडतात, आणि भरल्या ट्रॉलीखालीं घाटांत बोल्ट तुटला तर पाना शोधण्यासही वेळ मिळावयाचा नाहीं. नट प्रथम हातानें फिरवून बसवावे, मग समोरासमोरचे आळीपाळीनें ओढावे, आणि शेवटचा ताण पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें टॉर्क रेंचनें द्यावा. तो रेंच घरीं नसेल तर आधीं तोच आणावा.

चकचकीत गोट्या या यंत्रास लावूं नयेत. त्या ठोक्यानें फुटून तुकडे डोळ्यांत उडण्याची भीति असते. इम्पॅक्टच्या काळ्या, जाड गोट्या घ्याव्या व डोळ्यांस चष्मा असावा. पुष्कळ यंत्रें बॅटरीवांचून विकतात. यास्तव दोन बॅटऱ्या, चार्जर व गोट्या धरूनच किंमत मांडावी. वैशाखांत पत्र्याच्या शेडमध्यें ठेविलेली लिथियम बॅटरी लौकर निकामी होते. ती घरांत सावलींत, अर्धी भरलेली ठेवावी. चार शेजारी मिळून यंत्र घेणार असतील तर बॅटऱ्या कोणाच्या घरीं राहतील व भरून कोण देईल, हें आधींच लिहून घ्यावें.