विश्लेषण : कपाशीवर फवारणी कधी करायची, हे मोबाइल सांगू शकतो का?

यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ, मराठवाड्यात मोठे नुकसान केले. तेव्हापासून प्रश्न आहे तो फवारणी नेमकी कधी आणि किती करायची, याचा. सापळ्यातील पतंग मोजणारी मोबाइल अॅप हे कोडे सोडवू पाहत आहेत.

गुलाबी बोंडअळी ओळखणे अवघड का?

अळी अंड्यातून बाहेर पडताच फुलात, बोंडात शिरते आणि बोंडावरचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते; नुकसान कळते ते बोंड फुटल्यावर. अळी आत गेल्यानंतर केलेली फवारणी बहुतांश वाया जाते. बीटी कपाशीची या अळीवरील मात्राही राहिलेली नाही. बोलगार्ड-२ वाण २००६ मध्ये आले. पुढच्या दहा वर्षांत अळीने त्यालाही दाद देणे सोडले.

मग वेळ कशी ठरवतात?

कामगंध सापळ्यांवरून. मादीच्या गंधासारखे रसायन असलेल्या ल्युरकडे नर पतंग ओढले जातात. निरीक्षणासाठी एकरी दोन सापळे पुरतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले किंवा १० टक्के फुले-बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, तर ती ‘आर्थिक नुकसानीची पातळी’. म्हणजे आता फवारणी केली नाही, तर होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त असेल. त्याआधी डोमकळ्या तोडून नष्ट करणे, निंबोळी अर्क वापरणे हे उपाय आहेत.

मोबाइलचे काम काय?

वाधवानी एआय या मुंबईतील ना-नफा संस्थेने ‘कॉटनएस’ हे अॅप तयार केले. सापळ्यातील पतंग कागदावर पसरून छायाचित्र काढायचे. अॅप पतंग ओळखून मोजते आणि फवारणी करायची की थांबायचे, हे सांगते. शिवारात रेंज नसते, हे गृहीत धरून ते इंटरनेटशिवायही चालेल असे बनवले आहे. गावातील एक प्रमुख शेतकरी सापळे तपासतो आणि सल्ला इतरांपर्यंत पोहोचवतो, अशी रचना आहे. त्यामुळे प्रत्येकाकडे स्मार्टफोन असण्याची गरज नाही. २०१९ मध्ये या कामाला गूगलकडून २० लाख डॉलरचा निधी मिळाला.

सरकारी यंत्रणा काय करते?

महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू आहे. शेतातील निरीक्षणे ऑनलाइन नोंदवली जातात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली; तीतही छायाचित्रावरून कीड ओळखली जाते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण सापळ्याचीच. ल्युर वेळेवर बदलले नाही, तर पतंग येत नाहीत आणि अॅप ‘धोका नाही’ असे सांगते. दुसरी अडचण विश्वासाची. अनेक गावांत सल्ला देणारा आणि कीटकनाशक उधारीवर देणारा कृषी सेवा केंद्रचालक एकच असतो. ‘आठवडाभर थांबा’ हा अॅपचा सल्ला ऐकून पीक हातचे गेले, तर भरपाई कुणी देत नाही. म्हणून शेतकरी आधी फवारून मोकळा होतो. तिसरी बाब, पतंगांना बांध माहीत नसतो. शेजारच्या शेतात फरदड उभी असेल, तर एकट्याचे नियोजन कोलमडते.

मग उपयोग किती?

अॅपने अळी मरत नाही. अनावश्यक फवारणी टळू शकते. एक फवारणी वाचली, तरी औषधाचा आणि मजुरीचा खर्च वाचतो, मित्रकीटक टिकतात आणि पाठीवर पंप घेतलेल्या मजुराच्या अंगावर पडणारे विष एका वेळेने कमी होते. मात्र त्यासाठी गावाने सापळे एकत्र लावायला हवेत, आणि अॅपचा सल्ला पटतो का हे विचारायला कृषी सहायक बांधावर भेटायला हवा.