बकासुराचा उपास

नागपंचमीला नागाला दूध पाजण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. पण नाग काही दुधाचा चाहता नव्हे. साप सगळे मांसाहारी. गारुड्याने पाण्यावाचून ठेवलेला नाग वाटीत तोंड घालतो तो तहानेपायी, दुधाच्या आवडीने नव्हे. एवढे ज्ञान मला पुण्यात राहूनही होते. परंतु मांसाहारी सापाने समोर आलेले मांसही नाकारले तर काय करावे, हे शास्त्र मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लेकीच्या घरी शिकावे लागले.

माझ्या बारा वर्षांच्या नातीने साप पाळला होता. तुम्ही म्हणाल, पोपट नाही, मांजर नाही, साप? पण तिकडे ही हौस पुष्कळांना आहे. जात बॉल पायथन, म्हणजे आपल्या अजगराचा धाकटा आफ्रिकी भाऊबंद. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे मूळ मुलूख. बिनविषारी, लांबीला चारएक फूट आणि स्वभावाने कमालीचा भिडस्त. भीती वाटली की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. बेनिनमधल्या उईदा गावी तर या सापांचे देऊळ आहे. आपल्या देशात मात्र नाग, अजगर पकडून घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे बालवाचकांच्या कानावर आधीच घातलेले बरे.

त्याचे नाव मी ठेवले बकासुर. नाव ठेवताना वाटले, साप म्हणजे खादाडच असणार. त्याचे अन्न म्हणजे गोठवलेले उंदीर. ते दुकानात पाकिटबंद मिळतात. पहिल्या दिवशी ते पाकीट माझ्या खवलेल्या नारळाशेजारी पाहिले आणि मी लेकीला स्पष्ट सांगितले, “एक तर हे राहतील, नाही तर मी!” दुसऱ्याच दिवशी जावयांनी गॅरेजमध्ये उंदरांसाठी वेगळा फ्रीजर आणून ठेवला.

ऑक्टोबरच्या अखेरीस बकासुराने एक उंदीर गिळला आणि मग जो उपास धरला तो सोडायचे नावच घेईना. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात हा सत्याग्रह! नात रोज पेटी उघडून उंदीर त्याच्या तोंडाशी धरी. तो मान फिरवी आणि चेंडू होऊन बसे. जानेवारीत पोरीने स्वतःचेही ताट दूर सारायला सुरुवात केली. “आजी, तो माझ्यामुळे मरणार,” म्हणून रात्री माझ्या कुशीत रडली. लेक शेवटी वैतागून म्हणाली, “आई, मार्चअखेर वाट बघते. मग ज्याला सांभाळता येईल त्याला देऊन टाकू.” नातीने हे दाराआडून ऐकले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचा मुलगा म्हणे, जिवंत उंदीर सोडा. पण कोंडलेला उंदीर जिवाच्या भीतीने सापालाच कडकडून चावतो. अशा जखमांनी साप दगावलेही आहेत. कोणी म्हणे, तोंड उघडून घास कोंबा. अखेर आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तोंड तपासले, श्वास ऐकला, खवल्यांत गोचिडीसारखे किडे नाहीत ना ते पाहिले, वजन केले. ऑक्टोबरात ७४० ग्रॅम होते, ते ७०४ भरले.

“घाबरण्यासारखे काही नाही,” त्या म्हणाल्या. “वयात आलेले नर हिवाळ्यात महिनोन्महिने उपाशी राहतात. वजन एक दशांशाने घटले, तोंडातून फेस आला किंवा श्वासाला घरघर लागली, तर लगेच आणा. पण घास कोंबू नका. त्याने अन्ननलिकेला इजा होते आणि धास्तीने तो जास्तच दूर जातो.”

मग त्यांनी सापाचे शरीर समजावून सांगितले. सापाच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती तो बाहेरून घेतो. म्हणूनच त्याला अन्न थोडे पुरते, आणि म्हणूनच ऊब नसेल तर खाल्लेले पचतही नाही. अजगर उपाशी असला की आतड्याचा कारभार आवरून ठेवतो. घास आला की सारे पुन्हा वाढते. बर्मी अजगराचे हृदय जेवणानंतर दोन दिवसांत ४० टक्क्यांनी मोठे होते, असे शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पाहुणे येईपर्यंत चूल विझवून ठेवणारी ही काटकसरी गृहिणीच म्हणायची!

घरी येऊन आम्ही पेटीत थर्मामीटर ठेवला. उबेच्या बाजूला ३१-३२ अंश सेल्सियस हवे, तिथे हिवाळ्यामुळे जेमतेम २६. हवेत ओलावा ६० टक्के हवा, तो हीटरने सुकून ३० वर आलेला. शिवाय पेटी दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, चारी बाजूंनी काच. लाजाळू प्राण्याला असे चव्हाट्यावर जेवायला कसे सुचावे?

जावयांनी उष्णता राखणारे यंत्र बसवले. पेटी शांत खोलीत हलवून तीन बाजूंना काळा कागद लावला. अंग घासून बसता येईल अशा दोन अरुंद ढोल्या ठेवल्या, एक उबेत, एक गारव्यात. तळाशी ओल धरणारा नारळाच्या सोडणाचा भुसा घातला. माझ्या नारळाशी बकासुराचे नाते शेवटी जुळले ते असे!

सगळ्यांत कठीण काम नातीचे होते. दोन आठवडे पेटीला हात लावायचा नाही आणि नंतरही घास आठवड्यातून एकदाच, अंधार पडल्यावर द्यायचा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडीत बसे. उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून ऊन पाण्यात ठेवायचा. या सापाच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला अंधारातही उष्णता कळते. थंड उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नव्हे!

तीन आठवडे नकारच आला. वजन ६९१ झाले. मार्चच्या मध्यावर, विसाव्या आठवड्यात, नातीने लांब चिमट्याने उंदीर ढोलीपाशी धरला. जीभ लवलवली. मान इंग्रजी एसच्या आकारात वळली. आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बकासुराने झडप घालून उंदराला विळखा घातला. नात ओरडली नाही. तोंडावर हात ठेवून, पावले न वाजवता बाहेर आली आणि मला म्हणाली, “आजी, भूक लागलीय.” मी गरम वरणभात वाढला, पोरीने दोनदा मागून घेतला.

पुढे दोन दिवस कोणी बकासुराला हात लावला नाही, कारण भरल्या पोटी हाताळले तर साप घास ओकून टाकतो. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा खाल्ले, आणि देऊन टाकण्याची भाषा घरात कोणी केली नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत अजगरही आहे. आयते येईल ते घ्यावे, न आल्यास स्वस्थ पडून राहावे, हा त्याचा धडा. एकनाथी भागवतात मी तो वाचला होता, पण तो योग्याच्या कामाचा आहे असे समजत होते. घरात न जेवणारे मूल असो की साप, ऊब द्यावी, आडोसा द्यावा, वेळेवर ताट मांडावे आणि बाजूला व्हावे. यातले शेवटचे काम आम्हां बायकांना सर्वांत जड जाते.