संगणकाची स्मृती आणि सरकता बांध

संगणकाच्या वेगाचे कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. परंतु त्याच्या स्मृतीची, म्हणजे मेमरीची, वाटणी कशी होते हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. एका यंत्रात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम नांदत असतात आणि स्मृती सर्वांना मिळून एकच असते. एकाने घेतलेली जागा परत केली नाही, तर इतरांची अडचण व्हायचीच. या वाटणीची एक जुनी रीत आज आम्ही समजावून सांगणार आहोत. तिचे नाव ‘ब्रेक’. ती मोडीत का निघाली हे पाहिले म्हणजे जागा घेण्यापेक्षा परत करणेच अवघड का, हेही ध्यानात येईल.

प्रथम एवढे लक्षात घ्यावे की, प्रोग्रॅमला स्मृती परस्पर घेता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याच्याकडे रीतसर मागणी करावी लागते. या मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात. गायरानात कोणी आपण होऊन नांगर घालू नये, आधी चावडीवर अर्ज करावा, तसाच हा प्रकार.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ब्रेकची नोंद सापडते. त्या काळचे पीडीपी-११ हे यंत्र पत्ता लिहिण्यास १६ बिट वापरी. म्हणून ६५,५३६ बाइटांपलीकडचा पत्ताच त्याला लिहिता येत नसे. इंग्रजी मजकुराच्या हिशेबाने ही जागा तीस-पस्तीस छापील पानांची. एवढ्याशा वावरात वाटणीचे नियम साधे असणेच सोयीचे होते.

नियम असा: प्रोग्रॅमच्या आज्ञा आणि त्याची माहिती खालच्या अंगास ओळीने मांडावयाची. जेथे ती माहिती संपते, ती कड म्हणजे ब्रेक. हा गाडीचा ब्रेक नव्हे. शेताचा बांध समजा. जास्त जागा हवी असेल तर कर्नलला सांगून बांध पुढे सरकवावयाचा, काम झाले की मागे घ्यावयाचा. पुढे याच्या जोडीला ‘एस-ब्रेक’ आला. बांध अमुक ठिकाणी ठेवा, असे ब्रेक सांगतो. आहे तेथून इतका सरकवा, असे एस-ब्रेक सांगतो. सामान्य प्रोग्रॅम लिहिणारा मात्र थेट बांधाला हात लावीत नाही. ‘मॅलॉक’ नावाचा कारभारी त्याच्या वतीने मोठा तुकडा मागून घेतो आणि लागेल तसे लहान तुकडे पाडून देतो. कर्निगन व रिची यांच्या १९७८ सालच्या ‘सी’ भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकात असा कारभारी एस-ब्रेकच्या आधारे कसा रचावा, हे दाखविले आहे.

आता खरी अडचण पाहू. समजा, प्रोग्रॅमने ओळीने शंभर तुकडे घेतले. त्यांपैकी पहिल्या नव्व्याण्णवांचे काम संपले. शंभरावा, म्हणजे अगदी बांधालगतचा, अद्याप लागतो आहे. अशा वेळी बांध एक पाऊलही मागे घेता येत नाही. मधले सारे रान मोकळे, पण कडेला एक झाड उभे! मग तो तुकडा खाली आणून ठेवावा, असे कोणी म्हणेल. परंतु प्रोग्रॅमने त्याचा पत्ता आणखी कोठे कोठे टिपून ठेवलेला असतो. तुकडा हलविला की ते सारे पत्ते खोटे ठरतात. रिकामी जागा त्या प्रोग्रॅमला पुन्हा वापरता येते खरी. बांध मागे घेऊन ती इतरांना देता मात्र येत नाही.

दुसरी अडचण अशी की, बांध एकच आणि सरकवणारे अनेक. प्रोग्रॅमच्या दोन भागांनी एकमेकांस न विचारता तो हलविला, तर एकाच्या जागेवर दुसरा पेरणी करून मोकळा होतो.

यावर उपाय निघाला तो ‘एम-मॅप’चा. त्याचा आराखडा १९८३ च्या बर्कली युनिक्सच्या वेळी मांडला गेला आणि १९८८ च्या सनओएस ४ मध्ये तो प्रत्यक्षात आला. यात बांध सरकवावयाचा नसून हवा तेथे स्वतंत्र तुकडा मागावयाचा असतो, आणि शेजाऱ्याचे काहीही असो, आपला तुकडा केव्हाही परत करता येतो. पुढे १९९७ च्या युनिक्स मानकाने ब्रेक व एस-ब्रेक यांवर ‘वारशाने आलेले’ असा शिक्का मारला, आणि २००१ च्या मानकातून ते वगळण्यात आले. फ्रीबीएसडी या व्यवस्थेने ६४ बिटांच्या आर्म यंत्रांवर ते ठेवलेच नाहीत.

तरीही ही रीत नाहीशी झालेली नाही. लिनक्सवर नेहमीचा जो ग्नू कारभारी असतो, तो प्रोग्रॅमच्या मुख्य धाग्यातील लहान मागण्यांसाठी अजून बांधच सरकवितो. मोठी मागणी आली की तो एम-मॅपकडे वळतो. यासाठीची त्याची प्रारंभीची मर्यादा १२८ किलोबाइटांची आहे. लहानसहान कामाला प्रत्येक वेळी वेगळा तुकडा मोजून घेण्यापेक्षा बांध थोडा हलविणे स्वस्त पडते. शिवाय जे जुने प्रोग्रॅम याच आधारावर उभे आहेत, त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे बरे नव्हे. नव्याने लिहिणाऱ्याने मात्र बांधाला स्वतः हात न लावता कारभाऱ्याकडेच मागावे.

जो शेवटी आला तो आधी उठेल, हे या व्यवस्थेचे गृहीत होते. लहान प्रोग्रॅमांपुरते ते पुष्कळदा खरे ठरले. कामे वाढली, माणसांप्रमाणे माहितीही कोणी आधी कोणी नंतर उठून जाऊ लागली, आणि हे गृहीत अपुरे पडले. जुन्या रीतीला नावे ठेवण्यापूर्वी ती कोणत्या गृहितावर उभी होती हे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.